इंगाच्या मालकीचं

"हे तुम्ही दोघांनी घरीच बसून ठरवलंत?" न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"हो मॅडम," जॅनेल म्हणाली. "आमचं लग्न झालेलं नाही, आणि भांडणही नाही. हा बाप म्हणून सगळे हक्क सोडतोय. मी त्याच्याकडे कधी काही मागणार नाही. विषय संपला."

शेजारी आर्लन उभा होता. विस्कॉन्सिनच्या त्या भागातल्या गोठ्यांवरून दूध गोळा करायचं आणि टँकर चीजच्या कारखान्यात पोचवायचा, हे त्याचं काम. दिवसभर एकटाच असल्यामुळे बोलायची सवय नव्हती.

"तुमचं काय म्हणणं?"

"तिचं बरोबर आहे. मी लहानपणापासून परक्यांच्या घरांत वाढलो, सरकार ठेवील तिथं. बाप घरात नेमकं करतो काय, ते मी बघितलेलंच नाही. पोरीच्या वाट्याला असला माणूस कशाला?"

"तुमच्या जागी तिला दत्तक घ्यायला कुणी तयार आहे?"

"छे, कुणी नाही. ह्या एकानंच दमवलंय मला," जॅनेल म्हणाली. कारकून मान खाली घालून हसला.

"आणि मुलीला विचारलंत?"

"चार महिन्यांची आहे ती," आर्लन म्हणाला.

"म्हणून तिच्या वतीनं मी विचारतेय. तुम्ही जे सोडून द्यायला निघालात, ते एकट्या तुमचं नाही. आपल्याला बाप असावा, त्यानं आपल्याला सांभाळावं, हा तिचा हक्क आहे. जन्मली तेव्हापासूनचा. आईबापांना आपसांत बोलून तो काढून घेता येत नाही. अर्ज नामंजूर."

बाहेर आल्यावर जॅनेल वैतागून म्हणाली, "झालं. आता दर रविवारी तुझं तोंड बघायचं."

आर्लनचं लक्ष नव्हतं. समोरच्या बाकावर जॅनेलच्या आईच्या मांडीवर इंगा झोपली होती. अजून मान धरत नव्हती नीट, आणि तिच्या मालकीचं काहीतरी या जगात होतं. कुणी दिलेलं नव्हे. ती घेऊनच आलेली. म्हणजे आपण जन्मलो तेव्हा आपलंही असं काहीतरी असणार. एवढ्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं. तो बाकापाशी गेला.

"मी घेऊ?" त्यानं विचारलं.

म्हातारीनं लेकीकडे पाहिलं. जॅनेल म्हणाली, "डोक्याखाली हात धर. असा नाही, पसरून. हां."

इंगा त्याच्या छातीला टेकली, ओठ हलवले आणि पुन्हा झोपली. तिचा श्वास त्याला शर्टातून जाणवत होता. आपणही श्वास घ्यावा की नाही, हे त्याला कळेना.

"टँकर थांबलाय ना तुझा?" जॅनेल म्हणाली.

"थांबू दे."

ती आईशेजारी बाकावर बसली, बूट काढून पाय पसरले. भिंतीला डोकं टेकताच तिचा डोळा लागला. माणसं येत-जात होती. आर्लन होता तिथंच, न हलता उभा राहिला.