डोमाजीचा कान

दिग्रसला पुसद रोडवर डोमाजीचं गॅरेज आहे. बोर्डाचा रंग कधीच उडून गेला, पण बोर्ड वाचून तिथं कुणी येत नाही. गाडी दारात लागली की डोमाजी बोनेटवर हात ठेवायचा, मान तिरकी करायचा आणि दुखणं सांगून मोकळा व्हायचा. मीटर वगैरे कपाटात धूळ खात पडलेलं. तीस वर्षं हा माणूस कानावर जगला, आणि त्या कानाचा त्याला चांगलाच माज होता. खोटं कशाला बोला?

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोच्या लक्षात आलं, की कुकर शिट्ट्या मारून थकतो तरी हा शेजारी बसून पेपरच वाचतो. जाड आवाज त्याला नीट ऐकू येत. बारीक, टोकदार आवाज मात्र गेले होते. तिनं यवतमाळच्या डॉक्टरसाठी पिच्छा पुरवला. डोमाजीनं तिला गप्प केलं आणि ही गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, अशी वर ताकीद दिली.

गेल्या डिसेंबरात सत्यशीला सिस्टर गाडी घेऊन आली. जवळच्याच एका गावच्या उपकेंद्रात ती नर्स. सोबत लेक ममता. सकाळी गाडी चालू करून दिवे लावले, की इंजिनातून चिरकल्यासारखा आवाज येतो आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागतो, अशी तिची तक्रार होती. रविवारी ममताची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा होती, पुसदला. गेट साडेआठला बंद होणार, तेव्हा गाडीनं दगा द्यायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

डोमाजीनं इंजिन चालू करून दिवे लावायला सांगितलं. देवराव आणि शंकरसिंग हे काळीपिवळी टॅक्सीचे ड्रायव्हर चहा पीत उभे होते, ते बोलता बोलता थांबले. डोमाजी कान लावून असताना तिथं कुणी खोकायचंसुद्धा नाही, असा रिवाजच होता. डोमाजीला इंजिनाची घरघर ऐकू आली. बाकी काही नाही. सिस्टर म्हणाली, हा बघा, आत्ताही येतोय. ममतानं तर दोन्ही कान झाकून घेतले.

आवाज आहे, आपल्यालाच येत नाही, हे डोमाजीला कळलं. अजूनही वेळ गेली नव्हती. इंजिन बंद करून बेल्ट बोटानं दाबून बघितला असता, मीटर लावलं असतं, तर सगळं निभावलं असतं. पण दोन ड्रायव्हरांसमोर मीटर काढायचं म्हणजे कान गेल्याची दवंडी पिटायची. त्यानं बॅटरीच्या टोकांवर साचलेलं पांढरं खरवडून काढलं आणि हसून म्हणाला, "सिस्टर, आवाज गाडीतून नाही, तुमच्या मनातून येऊन राह्यला. पोरीच्या परीक्षेचं टेन्शन आहे ते."

ड्रायव्हर हसले. सिस्टर लाल झाली, पुन्हा पुन्हा विचारल्याबद्दल उलट तिनंच माफी मागितली आणि गाडी घेऊन गेली. डोमाजीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

रविवारी पहाटे दाट धुकं होतं. दिवे लावूनच निघावं लागलं. अर्ध्या वाटेत दिवे पिवळे पडले, मग गाडीच मेली. दुधाच्या टेम्पोत बसून मायलेकी पुसदला पोचल्या तेव्हा नऊ वाजायला आले होते. गेटवरच्या माणसानं हात जोडले, पण गेट उघडलं नाही.

सोमवारी ट्रॅक्टरनं ओढत गाडी गॅरेजला आली, सोबत मायलेकी. देवराव आणि शंकरसिंग चहाला होतेच. डोमाजीनं कपाटातून मीटर काढलं, फुंकर मारली. बॅटरीत जीव नव्हता. बेल्ट आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला. बॅटरीला चार्ज करणारा अल्टरनेटर हातानं फिरवून बघितला तर फिरेचना. त्याचं बेअरिंग धरलं होतं. त्याच्यावरून बेल्ट घसरायचा, किंचाळायचा, आणि बॅटरीला काही मिळायचं नाही. नवशिक्यालाही कळलं असतं. त्यानं बेअरिंग बदललं, नवा बेल्ट चढवला, दुसऱ्या बॅटरीचा जोड देऊन गाडी चालू केली. मीटरवर चौदा व्होल्ट आले.

मग मान वर न करता तो पुटपुटला, की बेअरिंग असं एकाएकीच धरतं, आधी काही कळत नाही.

देवराव लगेच मदतीला धावला. त्या दिवशी तर काहीच आवाज नव्हता, आम्ही दोघंही होतो, असं त्यानं सिस्टरला ठासून सांगितलं.

डोमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवरावचे कान शाबूत होते. आपण खोटं बोललो ते बोललो, आता हा भला माणूस आपल्यापायी खोटं बोलतोय, आणि तेही कुणासमोर!

"देवराव, खरं सांग. आलता का आवाज?"

देवराव चपलेकडे बघत राहिला. "आलता. पण तुम्ही नाही म्हटलं, तं मले वाटलं आपल्यालेच समजत नाही."

सिस्टर तेव्हा बोलली. आवाज चढवला नाही तिनं.

"रविवारी ममता म्हणे, आई, आवाज येऊन राह्यला, आपण बसनं जाऊ. बस उभी होती, भाऊ. मी तिलेच रागावली. म्हटलं, डोमाजीभाऊनं पाह्यलं, तुह्याच मनात आहे ते."

गाडीत बसलेल्या ममतानं तोंड दुसरीकडे वळवलं.

"सिस्टर, मले तो आवाज ऐकूच येत नाही," डोमाजी म्हणाला. "दोन वर्षं झाले. तुम्ही बरोबर होत्या. मी लाजेपायी बोललो नाही."

सिस्टरनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, गाडीत बसली आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर डोमाजीला बरं वाटलं असतं.

आता शंकरसिंग पुढे आला. तो रोज चौदा पोरं शाळेत नेतो.

"मागल्या महिन्यात माह्या ब्रेकचा आवाज पाह्यलता तुम्ही," तो म्हणाला. "काही नाही म्हटलं होतं."

डोमाजीनं हात पुढे केला. "चाबी दे. आत्ताच खोलून पाहतो."

शंकरसिंगनं चाबी मुठीतच ठेवली आणि गाडी घेऊन समोरच्या गॅरेजला गेला.