उकळलेलं नायलॉन

नायलॉनला कशालाच चिकटून राहायची हौस नसते. घासा, पुसा, लाडीगोडी लावा, तर राहतं. पण मनापासून नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. पोर्तुगालमधल्या मारीन्या ग्रांद गावातल्या आमच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं आहे. लागले पॅकिंगला, आणि गोंदाच्या डब्यांसोबत येणारे कागद वाचत वाचत गोंदातली जाणकार ठरले. तसं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच माझं शिक्षण.

आम्ही कुबड्या करतो. नळी ॲल्युमिनियमची, तिच्यावर ठोकून बसवलेला नायलॉनचा तुकडा, त्यावर हाताची मूठ. मूठ एबीएसची, मुलांच्या खेळण्यांत असतं त्या प्लास्टिकची. आधी ती दोन स्क्रूंवर बसायची. पण स्क्रूपाशी मूठ तडकायला लागली, तेव्हा मालकांनी, सिन्योर अबिलियुंनी, गेल्या हिवाळ्यात मला बोलावून सांगितलं की स्क्रू बंद, गोंद निवड.

मी चार गोंद लावून पाहिले. पहिला पटकन धरायचा, पण सुकला की काचेसारखा. कुबडी एकदा फरशीवर आपटली की खेळ खलास. दुसऱ्याला असा दर्प की बायका जेवणाचे डबे घेऊन अंगणात जाऊन बसल्या आणि माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसरा रबरासारखा, त्यात मूठ हळूहळू फिरायची. चौथा दोन नळ्यांचा, एकत्र कालवायचा, सुकायला अख्खा दिवस घेणारा. त्याने धरलेले नमुने शिकंज्यात पिळले तर मूठ फाटली, सांधा सुटला नाही. कागदावर मी त्याचं नाव लिहिलं, खाली सही केली, आणि घरी जाताना स्वतःच्या कौतुकाची म्हणून एक अंड्याची पेस्ट्री खाल्ली.

मे महिन्यात एक कुबडी परत आली. मूठ हातातल्या हातात फिरली होती. वापरणाऱ्या बाईंनी दाराची चौकट धरली म्हणून निभावलं. मालक म्हणाले, उन्हात गाडीत ठेवली असणार. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग ती मूठ करवतीने कापून पाहिली. नायलॉनवर गोंदाचा कणही नव्हता. लख्ख. सगळा गोंद मुठीच्या बाजूला बसलेला. उन्हाने मऊ पडला असता तर दोन्हीकडे ओरबाडे दिसले असते. इथे नायलॉनने पहिल्या दिवसापासूनच नकार दिला होता. का, ते डोक्यात घेऊन मी जेवायला बसले, आणि समोर, नळ्यांवर नायलॉन ठोकणाऱ्या कुस्तोदियु मेस्त्रींचं पातेलं रटरटत होतं.

साच्यातून निघालेलं नवं नायलॉन कोरडं असतं. नळीवर ठोकताना तडकतं. म्हणून मेस्त्री ते तासभर पाण्यात उकळतात. पाणी पिऊन ते चिवट होतं. त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं, आणि स्क्रूंच्या काळात अगदी बरोबर. पण माझा गोंद पाणी प्यायलेल्या नायलॉनला धरत नाही. माझे नमुने मी थेट मशीनवरून उचलले होते, गरम, कोरडे, पातेल्यात जाण्याआधीचे. एकोणीस वर्षं त्या पातेल्यापासून दहा पावलांवर मी सूप पीत आले, आणि हे विचारायचं मला सुचलं नाही.

कुबड्यांच्या सहाशे चाळीस जोड्या बाहेर गेल्या होत्या. मेस्त्रींच्या निवृत्तीला चार महिने होते आणि मालक त्यांना त्याआधीच घरी बसवायला निमित्त शोधत होते. आणि त्या सहाशे चाळिसांतली एक जोडी त्यांच्याच घरी होती. त्यांची बायको, दोना एर्मिनिया, खुब्याच्या ऑपरेशनपासून त्यांवरच उभी होती.

शनिवारी दुपारी मी तिथेच गेले. एर्मिनिया टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. मी कशासाठी आलेय ते न विचारताच तिने मला सुरी दिली आणि म्हणाली, आलीस तशी कामाला लाग. मी बटाटे सोलता सोलता सगळं सांगितलं. मेस्त्री ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं पाव कापत होते.

"म्हणजे माझं पातेलं वाईट," ते म्हणाले.

"पातेलं नाही, मेस्त्री. मी विचारलं नाही, ते वाईट."

"चाळीस वर्षं उकळतोय. एक तुकडा तडकला नाही माझा." त्यांनी भिंतीला टेकलेली कुबडी उचलून मूठ दोन्ही हातांनी पिळली. मूठ जागची हलली नाही. "बघ. कुठे सुटली?"

मला तेच नको होतं. "आज धरलंय," मी म्हणाले. "बाहेरून कळत नाही, हाच तर घोळ आहे."

"अहो, भांडता काय," एर्मिनिया म्हणाली. "शिकंज्यात घाला आणि काय ते बघा. माझ्या हाडांवर तपासणी नको."

मेस्त्री कुबडी घेऊन मागच्या पडवीत गेले. आम्ही दोघी सुऱ्या थांबवून ऐकत राहिलो. लोखंड करकरलं, मग टप असा हलका आवाज आला, बाटलीचं बूच निघावं तसा. बराच वेळ ते आले नाहीत. आले तेव्हा तळहातावर नायलॉनचा तुकडा होता, चाटून पुसल्यासारखा स्वच्छ. त्यांनी त्यावरून अंगठा दोनदा फिरवला आणि खुर्चीवर बसले.

"ही यावर रोज जिना उतरते," ते म्हणाले.

त्यांनी दुसरी कुबडीही एर्मिनियाच्या हाताजवळून ओढून घेतली आणि कपाटामागे ठेवली, मुलाच्या हातून काचेची वस्तू काढून घ्यावी तशी. एर्मिनिया म्हणाली, वा, आता मला संडासला तुमचे मालक नेणार वाटतं. मग तिनेच फोन माझ्यापुढे सरकवला.

"लाव मालकाला. तो जेवायला बसायच्या आत लाव, नाहीतर झोपेल आणि सोमवार उजाडेल."

मी मेस्त्रींकडे पाहिलं. माझ्या मनात अजून होतं की गोंदाचंच नाव घ्यावं, पातेल्याचं घेऊच नये. त्यांनी ते ओळखलं.

"पाण्याचं सांग," ते म्हणाले. "नाहीतर गोंद बदलतील आणि मी सोमवारी परत उकळेन."

पलीकडे घंटी वाजत होती. मालकांनी फोन उचलला, मागे काट्याचमच्यांचा आवाज. मी म्हणाले, सिन्योर अबिलियु, सगळ्या कुबड्या परत मागवाव्या लागतील. त्यांनी पहिलंच विचारलं, चूक कोणाची.

"सहाशे एकोणचाळीस लोकांना आधी बसून राहायला सांगा," मी म्हणाले. "एकीला आम्ही सांगितलंय. चुकीचं नंतर लिहून देते."