दुधाशिवाय वाढलेली फियोना

शारजातल्या शाळेत 'हेल्दी डबा सप्ताह' सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी सात वर्षांच्या फियोनाच्या डब्यावर लाल स्टिकर आलं: 'प्रोटीन मिसिंग'.

मिसिंग असणारच. फियोनाला पीकेयू नावाचा जन्मजात आजार होता. प्रोटीनमधला एक घटक तिच्या शरीरात पचायचा नाही. साठला तर मेंदूला इजा. म्हणून दूध, अंडी, डाळ बंद. बटाटासुद्धा तिची आई मॉली काट्यावर तोलून द्यायची. वाढीसाठी डॉक्टरांनी दिलेली खास पावडर होती, तीच पाण्यात कालवून पोरगी नाक दाबून प्यायची.

मॉली डॉक्टरांचं पत्र घेऊन डबा समितीच्या जहांआरा मॅडमना भेटली.

"आमच्या फॉर्मवर नट्स, मिल्क, एग एवढेच चौकोन आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुमचं कशातच बसत नाही."

"मग 'इतर' लिहा ना."

"'इतर'ला समितीचं अप्रूव्हल लागतं. इन्शाल्ला, होईल."

समिती बसली. तिने मोठ्या मनाने सवलत दिली: डब्यात पूर्ण अंड्याऐवजी अर्धं चालेल.

मॉलीने डॉक्टरांचं पत्र टेबलावर आपटलं. "अर्ध्यानेही तिला त्रास होतो, मॅडम!"

स्टिकरं मात्र येतच राहिली. फियोना डबा मांडीखाली लपवून खाऊ लागली, ते कळल्यावर मॉलीला रडू आवरेना.

गुरुवारी नर्सने मुलांची उंची मोजली. वर्षभरात सगळ्यांत जास्त वाढली होती फियोना, सात सेंटिमीटर! समितीने तातडीने तिला सप्ताहाच्या पोस्टरसाठी निवडलं. फोटोग्राफरने तिच्या हातात दुधाचा ग्लास दिला.

"आय कान्ट. इट्स बॅड फॉर माय ब्रेन."

"ओन्ली होल्ड, हबीबी!"

तिने ग्लास खाली ठेवून आपली पावडरची बाटली उचलली. पोस्टर लागलं तेव्हा त्या बाटलीच्या जागी दूध चिकटवलेलं होतं.

ते पाहून शेजारी राहणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीच्या यम्नाने मॉलीला विचारलं, "कुठलं दूध देतेस गं?" मॉलीने खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी यम्नाने आपल्या अर्शचं दूध बंद केलं.

मॉली धावत गेली. "अगं, तुझा मुलगा ठणठणीत आहे! त्याला पाज!"

"पण तुझी तर त्याशिवायच वाढली!"

अर्धा तास समजावून मॉलीचा घसा बसला. शेवटी फियोनाच ग्लास घेऊन अर्शसमोर उभी राहिली. "यू आर अलाउड. ड्रिंक."

तोंड वाकडं करत त्याने तो रिकामा केला.