फोलपटांनी भरलेली वाटी

मित्रांनो, माझ्या कमरेला तारेचा वेढा आहे आणि काठाला एक पोचा. स्टीलची जुनी वाटी मी, वय तुमच्या आईवडिलांएवढं. डिंभ्याला धरणाच्या खालच्या अंगाला जानकाबाईंचं घर आहे. तिथल्या मांडणीवर आम्ही सहा बहिणी होतो. माझ्यातून आमटी वाढली गेली, जानकाबाईंच्या राजरत्नला लहानपणी पेज भरवली गेली. पोचा पडला तशी माझी रवानगी मागच्या रांगेत झाली. चारचौघांत अशी वाटी कोण पुढे करणार?

माझे दिवस पालटले ते एका पाखरामुळे. राजरत्न आता घोडेगावला मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मंचरहून आपल्या लेकीसाठी, अमृतासाठी, एक कॉकाटिल, पोपटाच्या जातीचं पाखरू, आणलं. राखाडी अंग, पिवळा तुरा आणि गालांवर नारिंगी टिकल्या. जानकाबाई बघून म्हणाल्या, "हे कुठलं पावणं आणलंस रं?" झालं, त्याचं नाव पावणं पडलं. पिंजऱ्यातली प्लास्टिकची वाटी त्याने दोन दिवसांत कुरतडून टाकली, म्हणून मला तार बांधून आत बसवलं. खोटं कशाला बोलू, मला फार मिरवल्यासारखं वाटलं.

दुकानदाराने सांगितलं होतं, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवाल तर पाखरू चरबी धरेल आणि मरेल. अमृताने ते मनावर घेतलं. राळे आणि बाजरी जास्त, सूर्यफूल चिमूटभर. सकाळी कोथिंबिरीची काडी, किसलेलं गाजर, चोच घासायला समुद्रफेस. पाणी दिवसातून दोनदा बदलायची. आजीने चहाचं बोट पुढे केलं की दटावायची, "आजी, त्याला चहा चालत नाय." जानकाबाई निमूट बोट पदराला पुसायच्या.

पण एक गोष्ट त्या घरात फक्त जानकाबाई करायच्या. पाखरू दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून सोलतं, आतला गर खातं आणि टरफल परत वाटीतच टाकतं. त्यामुळे संध्याकाळी मी सकाळइतकीच भरलेली दिसते, फक्त फोलपटांनी. जानकाबाई रोज सकाळी मला अंगणात नेऊन एक फुंकर मारायच्या, फोलपटं उडायची, मग मूठभर नवा दाणा पडायचा. "काय पावणं, जेवलात का?" असं विचारून मला परत आत लावायच्या. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. जन्मभर हातात सूप घेतलेल्या बाईला हे सांगण्यासारखं वाटलंच नसेल.

गेल्या फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सून यशोधरा त्यांना घेऊन जुन्नरला नणंदेकडे गेली. घरी बापलेक राहिले. दोघांनीही हयगय केली नाही, हे मी शपथेवर सांगेन. सकाळी राजरत्न डोकावायचा, "वाटी भरलेली हाय." शाळेतून आल्यावर अमृता बघायची, "भरलेली आहे, पप्पा." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्यातला शेवटचा दाणा संपला होता.

मग पाखरू माझ्यात चोच घालून नुसती फोलपटं उकरायला लागलं. पिसं फुलवून तळाशी बसलं. विष्ठा हिरवी, पातळ झाली. राजरत्नला वाटलं, कोथिंबीर बाधली. त्याने तीही बंद केली. मी तिथेच होते, मित्रांनो. दाण्याचा डबा हातभर अंतरावर फळीवर होता आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

चौथ्या दिवशी त्याने जुन्नरला फोन लावला. "आई, पावणं तुझी आठवण काढतंय. काय खातच न्हाई बघ."

"वाटी भरलेली हाय ना?"

"भरलेली हाय की. तशीच पडलीय."

"मग मी आल्यावं खाईल," जानकाबाई म्हणाल्या. "उद्या येतेय मी. लाव बरं फोन त्याच्या कानाला." आणि नेहमीसारखं विचारलं, "काय पावणं, जेवलात का?" पाखराने तुरा उभारला आणि ते सरपटत जाळीपर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक पिंजरा घेऊन फाट्यावर उभे राहिले, घोडेगावच्या जनावरांच्या डॉक्टरकडे जायला. सकाळची गाडी आलीच नाही. दुपारची आली, तिच्यातून काळा चष्मा लावलेल्या जानकाबाई यशोधरेचा हात धरून उतरल्या. पिंजऱ्यातली शांतता त्यांना आधी कळली. त्यांनी दार उघडून मला बाहेर काढलं, तळहातावर तोललं आणि जागच्या जागी थांबल्या.

"ह्यात दाणा कुठंय?" त्यांनी फुंकर मारली. सगळं उडालं आणि माझा तळ उघडा पडला.

अमृता घराकडे पळत सुटली. जानकाबाईंनी पाखराला ओंजळीत घेतलं, छातीशी धरलं. अमृता धापा टाकत परत आली, तिने मूठ उघडली, मुठीत राळे होते. पण पाखराची मान केव्हाच कलंडली होती.

"मी रोज बघत व्हतो, आई," राजरत्न म्हणाला. "रोज बघत व्हतो."

"बघत व्हतास, लेका," जानकाबाई म्हणाल्या. "आन् म्या सांगितलं न्हाई."

अमृताने मुठीतले राळे माझ्यात ओतले आणि ती खाली मातीत बसून राहिली.

आता मी मांडणीवर पालथी असते. मला कुणी घासत नाही की वापरत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. मित्रांनो, पाखरू पाळलंत तर वरवर बघून पुढे जाऊ नका. वाटी बोटाने उकरा, फुंकर मारा, तळापर्यंत बघा. घरातल्या ज्या माणसाला त्याची निगा ठाऊक आहे, तो गावाला जाण्याआधी त्याला विचारून घ्या. दाणा संपला, हे पाखराला सांगता येत नाही, आणि मलाही आलं नाही.