इंद्रभानच्या वाट्याची शीग

मी पायली बोलतेय. साखरखेर्ड्याच्या हिंमतरावांच्या घरातली, ज्वारी मोजायची. हल्ली कायद्याने मला बाजारात उभं राहायला बंदी आहे, म्हणून बोलायला सवड मिळाली. कामावर होते तेव्हा माझं तोंड कायम दाण्यांनी भरलेलं असायचं.

देऊळगाव राजाच्या एका लोहाराने मला जाड पत्र्यातून वळवलं आणि काठाला पितळेची पट्टी मारली. मग सरकारी माणसाने माझ्या पोटावर ठसा उमटवला. त्या ठोक्याने मी पार दणाणून गेले होते, पण त्यानंतर माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवू लागले. बालाजीच्या जत्रेत हिंमतरावांच्या वडिलांनी मला घेतलं. घरी आल्यावर मला हळदकुंकू लागलं आणि तळाशी चार दाणे पडले. माप रिकामं ठेवायचं नाही, पालथं तर मुळीच घालायचं नाही, ही या घरची रीत. ते चार दाणे बदलत राहिले, पण तळ कधी उघडा पडला नाही.

माणसं मोजायला बसली की फार बघण्यासारखी होतात. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाहीत, 'बरकत' म्हणतात. मग दोन, तीन असं पुढे. काठावरून हात फिरवला की ते सपाट माप. काठाच्या वर दाण्यांचा डोंगर रचला की ती शीग. व्यापाऱ्याला सपाट द्यायचं, माहेरी आलेल्या लेकीला शीग लावून द्यायचं.

शिवाय मला भरणारे हात दोन जातींचे. विकणारा हात दाणे माझ्या कडेकडेने अलगद सोडतो, झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसे. दाणे फुगून बसतात आणि थोड्याच दाण्यांत मी भरलेली दिसते. देणारा हात वरून टाकतो आणि मला जमिनीवर दणकन आपटतो. दाणे खाली बसतात, वर जागा होते. मला हे दोन्ही हात आतून ओळखू येतात. पण मोजणारे मापाला कशाला विचारतील?

नवं राज्य झालं, मागोमाग किलो आले. दुकानात तराजू चकाकायला लागले आणि मला धान्याच्या खोलीत, कणगीशेजारी बसवलं. तिथं मला सोबत मिळाली ती कोकिळेची.

कोकिळा म्हणजे हिंमतरावांच्या थोरल्या मुलाची, माणिकरावांची बायको. वैशाखात लग्न होऊन आली. घरात जोडप्याला वेगळी जागा नव्हती, म्हणून कणग्या भिंतीकडे सरकवून त्या दोघांचं अंथरूण माझ्या पुढ्यात पडलं. ज्वारीच्या धुळीने तिला शिंका यायच्या. नवी नवरी शिंकते म्हणून कोणी काही बोलेल, या धाकाने ती पदरात तोंड खुपसून शिंकायची. "दिवाळीनंतर खोली बांधतो," माणिकराव सांगायचे. अंगणात त्यासाठी विटाही येऊन पडल्या होत्या. जाता-येता कोकिळा त्या विटांकडे अशी बघायची, की जणू त्या आपण होऊन एकमेकींवर चढणार आहेत. तोवर तिने आपला आरसा माझ्या काठाला टेकवला. बोलायची फार कमी. पण आरशात कुंकू लावता लावता तिला मागचं सगळं घर दिसायचं.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधी तिलाच दिसली: धाकटा दीर इंद्रभान गप्प झाला होता.

इंद्रभान अमरावतीला इंटर सायन्स झाला, तोही वरच्या नंबरात. ग्रामपंचायतीचा रेडिओ बंद पडला की त्यालाच हाक मारायचे. रेडिओचं पोट उघडून तो त्याच्याशी बोलत बसायचा, "काऊन रुसला बे तू?" त्याने दोन इंजिनिअरिंग कॉलेजांत अर्ज केले आणि दोन्हीकडून प्रवेशाची पत्रं आली. नागपूर त्याला गुणवत्ता शिष्यवृत्ती देत होतं, पण शाखा रस्ते-पुलांची. पुण्यात त्याला हवी ती रेडिओ-टेलिफोनची शाखा मिळत होती, पण शिष्यवृत्ती नव्हती. पुण्याला जायचं तर खर्च घरातून, आणि घरात त्या वर्षी कोकिळेच्या खोलीपुरतेच पैसे होते. हे सगळ्यांना माहीत होतं. पुण्याच्या मुलाखतीहून परत आल्यापासून तो रेडिओशीही बोलेना, हे मात्र फक्त कोकिळेला माहीत होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशीच्या डाकेने जायला हवं होतं. देऊळगाव राजाहून कडूबा मामा आले, हिंमतरावांच्या बायकोचे, मनकर्णाबाईंचे भाऊ. बाजारात धान्य विकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. जेवणं झाली आणि ओसरीवर वाद सुरू झाला. मामा म्हणाले नागपूर, मनकर्णाबाई म्हणाल्या पुणं, माणिकराव म्हणाले तुम्ही म्हणाल ते. हिंमतरावांनी दोन्ही पत्रं हातात घेतली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली.

"मले कागद वाचता येत नाही. माप समजते. मनकर्णे, पायली आन."

"पायली? कॉलेज का ज्वारी हाय?"

"आन तं खरी! एकेका गावाचं माप भरू. एक चांगली गोष्ट सांगतली का एक ओंजळ. पाहू कोणाचं भरते."

मला अंगणातून नेताना कोकिळेने माझ्यावरची धूळ पदराने पुसली. मला भलताच हुरूप आला. आजवर मी ज्वारी, तूर, हरभरा, गहू सगळं मोजलं होतं, कॉलेज कधी मोजलं नव्हतं. त्याला वास कसा असेल, त्यात खडे किती निघतील, मला काहीच कल्पना नव्हती.

नागपूर कडूबा मामांनी भरायला घेतलं. "बरकत! शिष्यवृत्ती देते, त्याच्या दोन ओंजळी." हिंमतरावांनी मान हलवली. "शेगावहून गाडी सरळ, कुठं बदलाची नाही." एक ओंजळ. "आपली बोली समजते." एक ओंजळ. "माहा साडू तिथंच राह्यते, पोट्टं उपाशी मरत नाही." एक ओंजळ. मामा बोलत गेले आणि दाणे माझ्या कडेने घरंगळत गेले. मी भरले, वर शीग चढली. मामांनी हात झटकले.

चादरीवर मला ओतून मनकर्णाबाईंनी पुणं भरायला घेतलं. "बरकत. लेकराले जे शिकाचं ते तिथं भेटते." त्यांनी ओंजळ वरून टाकली आणि मला आपटलं. "जुनं कॉलेज हाय, नाव हाय." दण. "तिथं शिकून नोकरी कुठंही लागंल." दण. त्यांनी सुचेल ते सगळं सांगितलं, पुण्याची हवाही घातली. दाणे काठाला लागले आणि तिथंच थांबले.

"नागपूर शिगेवर, पुणं सपाट," हिंमतराव म्हणाले. "झालं. ठरलं."

इंद्रभानने "हाव" म्हटलं. इतकं पटकन आणि हळू म्हटलं की माझ्या काठावरचा एक दाणासुद्धा हलला नाही.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. सासऱ्यांसमोर सून बोलत नसे, म्हणून तो सासूबाईंच्या नावाने आला. "आत्याबाई, नागपूरले आपटलंच नाही."

कडूबा मामा हसले. "घ्या! नवी नवरी आता मले माप भराले शिकोते."

"थांब कडूबा," हिंमतराव म्हणाले. "बराबर बोलली सून. एकाले आपटाचं अन् एकाले नाही, हे कोणतं माप? मनकर्णे, तू भर नागपूर."

पुन्हा बरकत झाली. त्याच गोष्टी, तेवढ्याच ओंजळी, फक्त आता प्रत्येकीला दण. डोंगर खचला. नागपूरही काठाला येऊन थांबलं.

हिंमतराव पोट धरून हसले. "कडूबा, तू भाच्यालेही बाजारातलं माप देतं काय रे?"

"हाताले सवय पडली दाजी, मी काय करू!" मामा ओशाळून आपल्या हाताकडे बघत राहिले.

पण हसणं ओसरलं तसा पेच समोर आला. दोन्ही मापं सारखी. आता कोणाला घ्यायचं आणि कोणाला सोडायचं? हिंमतरावांनी मिशी ओढली. दाराआडून पुन्हा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू. "शीग राह्यली ना, आत्याबाई. भाऊजीनं अजून एक दाणा टाकला नाही."

सगळे इंद्रभानकडे वळले. तो चादरीच्या टोकाला गाठ मारत होता.

"मी नागपूरलेच जातो," तो म्हणाला. "शिष्यवृत्ती हाय. वहिनीची खोलीही होते."

"अन् पुण्यात काय झालं ते सांगा," दार म्हणालं.

त्याने वर बघितलं. "खानावळीत मी म्हणलं, मले अजून भाजी द्या. अख्खी पंगत हासली. एक जण तर माह्यासारखं बोलून दाखोत होता. मंग जितके दिवस होतो, मी बोटानंच दाखोत गेलो, भाजी का पोळी. चार वर्सं बोटानं कसं शिकू मी?"

मनकर्णाबाईंच्या हातातली ओंजळ तशीच राहिली. आणि मग कोकिळा दाराबाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण बोलली ती थेट दिराशी.

"माह्या खोलीच्या आड लपू नका, भाऊजी. मी कणगीपाशी झोपाले शिकली. तुमी पुण्यात भाजी मांगाले शिका."

माणिकराव आधी तिच्याकडे बघत राहिले, मग अंगणातल्या विटांकडे. घरधनी काय म्हणतात, याची वाट सगळ्यांनी बघितली. हिंमतरावांनी नुसतं मला पुढं सरकवलं.

इंद्रभानने मला चादरीवर ओतलं, पण रीत आठवून तळाशी चार दाणे राखले. आईने हात पुढे केला तर म्हणाला, "मी भरतो." पहिली ओंजळ टाकताना 'बरकत' म्हणाला. मग त्याने मला आपटलं, भरलं, पुन्हा आपटलं. काठ गाठला तरी थांबला नाही. पुण्यावर अशी शीग चढवली की दाणे ओसरीवरून पायरीवर, पायरीवरून अंगणात विटांपर्यंत घरंगळले.

"माणिक," हिंमतराव म्हणाले, "पाऊस येते. त्या ईटांवर ताडपत्री टाक."

"टाकतो, बा," माणिकराव म्हणाले, आणि जाता जाता कोकिळेसमोर थांबून हळूच म्हणाले, "नाकाले बांधाले रुमाल आणतो तुले." ती पदरात हसली. त्या दिवशी शिंकही उघडपणे दिली.

याला दोन वर्षं होत आली. इंद्रभान सुट्टीत येतो. गेल्या खेपेला त्याने स्वतः जोडलेला रेडिओ आणला. तो ठेवायला त्याने मला पालथं घालायला घेतलं, तर मनकर्णाबाई कडाडल्या. मग मला ज्वारीने भरलं, वर फळी टाकली आणि फळीवर रेडिओ बसवला. आता माझ्या डोक्यावर बातम्या होतात आणि पोटात दाणे थरथरतात. पुण्यात आता कसं, असं कोकिळेने विचारलं तेव्हा इंद्रभान म्हणाला, "अजूनही हासतात. पण आता खानावळवालाच इचारते, 'तुले काय पाह्यजे बे?'"

विटा अंगणातच आहेत. थोड्या गोठ्याला लागल्या, उरलेल्यांवर शेवाळ आलंय. तरी कोकिळा त्यांच्याकडे अजून बघते, फक्त आता घाईने बघत नाही.

परवा दारावरून भंगारवाला गेला. मला बघून थबकला होता. घरच्यांनो, तुम्हाला एवढंच सांगते: मला त्याच्या हाती देऊ नका. खोली कधीतरी होईल. त्या दिवशी कोकिळेचा आरसा नेताना मलाही न्या, आणि नव्या उंबऱ्यावर ठेवून मला एकदा आपटा. मग वरची शीग तिलाच भरू द्या. तिने अजून स्वतःसाठी एक दाणाही टाकलेला नाही.