ऐरणीचं काळीज

या, टेका इथं. एक गोष्ट सांगतो. हसाल, पण दात-ओठ खात हसाल.

तबेल्याच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध पट्टेबुवा.

"मंतरलेला पट्टा! घोड्याच्या छातीला बांधा, काळजाची खबर पट्ट्याच्या खिडकीत! हिरवा दिवा, मिनिटाला छत्तीस ठोके, म्हणजे काळीज वज्राचं! डॉक्टर नको, औषध नको!"

घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद भिंतीला टेकून बघत होता. महिन्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या चिमी घोडीला तपासलं होतं. केस कापले, कातडीला लेप लावला, मग आपला पट्टा बांधला. घोडी चालवली की आकडा चढायचा, मध्येच ठोका चुकायचा. "हिला जुंपू नका," बाई म्हणाल्या. बुवानं मात्र झुलीवरूनच पट्टा बांधला अन् छत्तीस दाखवले. नालबंद गरजवंत माणूस, त्यानं जुंपली. चढावर चिमी कोसळली ती उठलीच नाही. पट्टा सोडायला वाकला, तर दिवा हिरवा. छत्तीस!

"आत्मा अजून घुटमळतोय," बुवा म्हणाला होता. लोकांनी माना डोलावल्या.

आज पाळी नालबंदाच्या बहिणीच्या घोड्याची होती.

"दादा, बाई म्हणतात विश्रांती द्या. बुवा म्हणतात जुंप. काय करू?"

"जरा थांब, ताई. बुवा, आधी आमच्या ऐरणीला बांधू."

"मस्करी करतोस?"

"छे! तिची तब्येत बरी नाही."

पट्टा ऐरणीला बसला. हिरवा दिवा. छत्तीस.

"अगं बाई, लोखंडाला काळीज फुटलं!" ताई ओरडली.

बुवानं काढता पाय घेतला. नालबंदानं गचांडी धरली, तोच पट्टा त्याच्या गळ्यात घातला अन् ऐरणीवर टेकवून रिबीट ठोकून पक्का केला. "पळ आता!"

बुवा आवारभर धापा टाकत पळाला, मागं अख्खा तबेला. जीभ बाहेर आली, तोंड काळंनिळं. पट्ट्यावर? छत्तीस.

शेवटी पोलीस चौकीच्या दारात गाठून नालबंदानं खुर छाटायच्या चाकूनं पट्टा चिरला. आत खेळण्यातल्या घड्याळाची पट्टी, सेल अन् दिवा. काळजापर्यंत जाणारी तार एकही नाही.

"मंत्र दाखव ना कुठंय," तो म्हणाला. डोळे मात्र भरले होते.

ताईचा घोडा त्या दिवशी जुंपला नाही. अजून चरतोय.

तेवढं करा माझ्यासाठी. काळीज दाखवणारं यंत्र कुणी आणलं, तर जनावराला बांधायच्या आधी एकदा दगडाला बांधून बघा.