खालच्या मजल्याची ऊब

"हीटर बंद का केलेस?"

दार उघडताच घरमालक गोबेयनं विचारलं. ना नमस्कार ना चमत्कार. बुटांवरचा बर्फ झटकायचीही तसदी घेतली नव्हती त्यानं.

ओडेटच्या हातात हेअर ड्रायर होता. फटींतून थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीच्या चौकटीवर चिकटवलेलं प्लॅस्टिक ती गरम हवेनं ताणून बसवत होती. ड्रायर बंद न करताच ती म्हणाली, "बंद नाही केले. कमी केलेत."

"बैठकीच्या खोलीतला?"

"तोही."

"तो पहिल्यासारखा लाव."

"का म्हणून?"

गोबेयनं घसा खाकरला. "भिंतींना ओल धरते. घर माझं आहे, म्हटलं."

"भिंती तुमच्या, बिल माझं," ओडेट म्हणाली आणि तिनं ड्रायरचा झोत पुन्हा खिडकीकडे वळवला. गोबेय काहीतरी बोलत राहिला. ते त्या आवाजात बुडालं. दार आपटल्याचं मात्र ऐकू आलं.

ओडेट गेरवे क्वेबेक प्रांतातल्या शिकुतिमीच्या इस्पितळात धुलाईघरात कामाला होती. दुपारपाळी. वय अठ्ठावन्न. चादरी, गाऊन, ऑपरेशनची हिरवी कापडं धुऊन, वाळवून, घड्या घालून तिची मनगटं जाड झाली होती. गोबेयच्या दुमजली घराचा खालचा मजला तिनं नवऱ्यासोबत भाड्यानं घेतला होता. नवरा त्याच घरात वारला. ती तिथंच राहिली. वरच्या मजल्यावर स्वतः घरमालक लिओपोल गोबेय आणि त्याची बायको सिमोन. दोघंही पंच्याहत्तरी ओलांडलेली. दोन्ही मजल्यांना विजेवर चालणारे, भिंतीच्या तळाशी बसवलेले हीटर. मीटर वेगवेगळे.

दर हिवाळ्यात ओडेटचं बिल डोळे पांढरे करायचं, आणि दर हिवाळ्यात गोबेय तिला जिन्यात गाठून प्रवचन द्यायचा. "तुम्हा लोकांना घरात उघड्या दंडांनी हिंडायचं असतं. आमच्याकडं बघ. म्हातारी माणसं आम्ही, पण लोकर घालतो अंगात. आमचं बिल तुझ्या पाव हिश्शाचंही नाही." ओडेट ओशाळायची. त्याचं खरं मानून ती एकावर एक दोन मोजे चढवायची, हीटरची चकती थोडी मागे फिरवायची, आणि तरी बिल यायचं ते यायचंच.

यंदा ऑक्टोबरात एकदा ती सिमोनचं केक भाजायचं भांडं परत द्यायला वर गेली. गोबेय बाहेर गेला होता. दाराशी बूट काढून तिनं मोजे घातलेला पाय आत टाकला, आणि थबकली. जमीन गरम होती. नुकत्याच इस्त्रीतून निघालेल्या चादरीसारखी. तिनं भिंतीकडे पाहिलं. हीटरवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, त्यावर बिगोनियाची कुंडी.

"अहो मादाम, हीटरवर कुंडी? आग लागेल एखाद्या दिवशी."

"तो कुठला लागतोय," सिमोन सहज म्हणाली. "लावतच नाही आम्ही. लिओपोल म्हणतो, खाली ओडेट आहे ना."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती भांडं घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळाखाली घासत राहिली. भांडं स्वच्छच होतं.

धुलाईघरात ओडेटनं हे सोबतच्या जोसेलिनला सांगितलं. चादरीचं एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या.

"म्हणजे म्हातारा तुझ्या डोक्यावर बसून शेकत होता," जोसेलिन म्हणाली. "आणि वर तुलाच अक्कल शिकवत होता."

"इतकी वर्षं."

"रविवारी येते मी."

रविवारी जोसेलिन नवऱ्याची अवजारांची पिशवी घेऊन आली. तिनं आधी सोफा ओढून हीटरपासून लांब केला. मग हीटरचं झाकण काढून पात्यांमध्ये साचलेली धूळ ओढून घेतली. बोळेच्या बोळे निघाले. हीटरवर लोळणारे पडदे तिनं वर टाचले, दारांच्या फटींना रबराची पट्टी लावली. "अर्धी ऊब सोफ्याला देत होतीस," ती म्हणाली, "आणि उरलेली म्हाताऱ्याला." बैठकीच्या खोलीचं आणि मागच्या खोलीचं दार दोघींनी लावून टाकलं. तिथल्या चकत्या अगदी खाली आणल्या, पण बंद केल्या नाहीत. "नळ गोठून फुटले तर तो तुझ्याच माथी मारेल," जोसेलिननं बजावलं. ओडेट स्वयंपाकघरात आणि त्याला लागून असलेल्या झोपायच्या खोलीत राहू लागली. तेवढ्या दोन खोल्या छान ऊबदार असायच्या.

पुढचं बिल बघून ती एकटीच मोठ्यानं हसली.

वर मात्र कुणी हसत नव्हतं. बैठकीच्या खोलीच्या बरोबर वर सिमोनची झोपायची खोली होती. गोबेय दोनदा भांडायला आला. मग त्यानं ओडेटच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढणं सोडलं. मग तिचा कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला आडवा पडलेला सापडू लागला. ओडेट बर्फ स्वतः काढायची, डबा उभा करायची, आणि जिन्यात गोबेय भेटला की मुद्दाम उघड्या दंडांनी उभी राहायची.

"गरम होतंय हो फार," ती म्हणायची.

"माज आलाय तुला," तो म्हणायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिला सिमोन टपालपेटीपाशी दिसली. कोटाखाली झोपायचा गाऊन, त्यावर दोन शाली. बोटं निळी पडली होती, किल्ली पेटीच्या भोकात जात नव्हती. ओडेटनं किल्ली घेऊन पेटी उघडून दिली.

"हीटर लावा की आता, मादाम."

"फ्यूजच पाडून ठेवलेत त्यानं," सिमोन म्हणाली. "फ्यूजच्या पेटीला कुलूप."

ओडेट तिच्या मागोमाग वर गेली. गोबेय जेवणाच्या टेबलाशी कोट आणि कानटोपी घालून बसला होता. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"बघ," तो बायकोकडे बोट दाखवून म्हणाला. "बघ काय केलंस तू हिचं."

"मी? फ्यूज तुमच्या घरात आहे!"

"बारा महिने तेरा काळ असंच चालत आलंय. तू खोडी काढलीस."

"अहो, तुमच्याकडे ट्रक आहे, तळ्याकाठी बंगली आहे. एक हीटर लावायला काय धाड भरलीय?"

"पैशाचा प्रश्न नाही," गोबेय म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते, थंडीनं की संतापानं कोण जाणे. "माझ्याच घरात मी भाडेकरणीपुढे हार खाणार नाही."

ओडेट खाली आली. बंद ठेवलेल्या बैठकीच्या खोलीत जाऊन हीटरच्या चकतीवर हात ठेवून उभी राहिली. नवऱ्याच्या आजारपणात हीच सिमोन रोज वाटाण्याचं सूप घेऊन हा जिना उतरत असे. ओडेटनं चकती अर्धी फिरवली. मग वरून गोबेयच्या खुर्चीचा आवाज आला, आणि तिनं ती पुन्हा मागे आणली. स्वतःचीच चीड आली तिला. पण त्याला फुकट ऊब द्यायची, हे तिच्या हातून होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोबेयचा ट्रक गेल्याबरोबर ती वर गेली. "चला," सिमोनला म्हणाली. "खाली. माझ्या स्वयंपाकघरात बसा."

सिमोन आली. कठड्याला धरून, एकेक पायरी. त्या दिवसापासून रोज येऊ लागली. ओडेट कामाला निघेपर्यंत थांबायची, आणि नंतरही बसता यावं म्हणून ओडेट दाराला कुलूप न लावता जायची. दोघींचं गुळपीठ जमलं असं मात्र नाही. सिमोन बटाटे सोलायची आणि नावं ठेवायची. "सूपात मीठ नाही." "ही कसली सुरी, लोणीसुद्धा कापणार नाही." ओडेट म्हणायची, "मग वर जा, तिथं छान कापेल. सगळं गोठलेलंच आहे." सिमोन पुढचा बटाटा उचलायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी गोबेय खाली आला. दार न वाजवताच.

"सिमोन, वर चल."

सिमोन बटाटा सोलत राहिली.

"लोक काय म्हणतील? गोबेयची बायको भाडेकरणीच्या चुलीपाशी बसते म्हणून? ऊठ."

"मी इथंच बसते," सिमोन म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

ओडेट पाठमोरी भांडी विसळत होती, तिचे हात थांबले. इतक्या वर्षांत तिनं सिमोनला नवऱ्यापुढे असं बोलताना ऐकलं नव्हतं. गोबेयनंही ऐकलं नसावं. तो दारात उभा राहिला, कानटोपी काढली, पुन्हा घातली. मग ओडेटकडे पाहून म्हणाला, "याचे भोग भोगशील तू," आणि गेला.

नाताळाच्या आधीच नोटीस आली. घरमालकाला मुलीसाठी जागा हवी आहे, एक जुलैला खाली करावी. कायद्यात बसत होतं. मुलगी क्वेबेक शहरात सुखात होती, पण येणारच नाही असं कोण सिद्ध करणार?

सिमोन खाली आली तेव्हा ओडेटनं तो कागद तिच्यापुढे टाकला. "तुमच्यापायी. त्याला काय, तो माझ्याशी भांडत बसला असता. तुम्ही माझ्या घरात बसून त्याला नाही म्हणालात, ते झोंबलं त्याला. उद्यापासून येऊ नका."

सिमोननं कागद वाचला, घडी घातली, आणि शाल सावरत वर गेली.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला दारावर टकटक झाली. ओडेटनं साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"मी काल काय म्हणाले?"

"ऐकलं मी," फटीतून सिमोन म्हणाली. "ओरडायचंय तर आत घेऊन ओरड. इथं गार लागतंय."

ओडेटनं साखळी काढली. ती ओरडलीही, बराच वेळ. सिमोन बटाटे सोलत ऐकत राहिली.

तो हिवाळा असाच गेला. गोबेयनं वर शेवटपर्यंत फ्यूज चढवला नाही. मार्चमध्ये न्यूमोनियानं दहा दिवस इस्पितळात पडला, तिथून आला तोही कोट घालूनच बसला. ओडेटला नदीपलीकडे एक खोली मिळाली. लहान, महाग, जोसेलिनच्या घराजवळ.

एक जुलैला, तिथले भाडेकरार संपतात त्या दिवशी, सगळं शहर सामान हलवत होतं. ऊन मी म्हणत होतं. जोसेलिनच्या नवऱ्यानं ट्रक आणला. गोबेय दाराशी उभा राहून भिंतींवरचे ओरखडे तपासत होता, प्रत्येक खिळ्याच्या भोकात बोट घालून बघत होता.

शेवटचा खोका उचलायला ओडेट आत आली तेव्हा सिमोन जिना उतरत होती. उन्हाळ्याचा पातळ झगा, पायांत सपाता.

"ए सिमोन, वर जा," गोबेय म्हणाला. "इथं काय आहे आता?"

सिमोन त्याच्या बाजूनं आत गेली. स्वयंपाकघरात खुर्ची उरली नव्हती. रंगाची एक रिकामी बादली कोपऱ्यात होती, ती तिनं पायानं सरकवली, उपडी केली आणि तिच्यावर बसली. हात मांडीवर ठेवले.

ओडेट खोका घेऊन उभी.

"सूपात मीठ घालत जा," सिमोन म्हणाली.

"घालीन."

ट्रक निघाला. वळणावर ओडेटनं मागे पाहिलं. पडदे काढलेल्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं, उघड्या भिंती, दारात काहीतरी हातवारे करणारा गोबेय, आणि बादलीवर ताठ बसलेली सिमोन.